आग्रहाचा खेळ

उदयराव शेजवळांना जे मनापासून हवं असे, त्याला ते पहिल्यांदा नाही म्हणत. दुसऱ्यांदाही नाहीच, पण जरा हळू. तिसऱ्यांदा कोणी विचारलं की मान तिरकी करून "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर," असं म्हणत आणि मग ताटातला लाडू असो नाहीतर मंडळाचं अध्यक्षपद, दोन्ही हातांनी घेत. ही शिस्त त्यांच्या आईची. "चांगल्या घरचं मूल पहिल्या हाकेला हात पुढे करत नाही," असं ती माउली कोणाच्याही घरी जाण्याआधी दारातच बजावत असे. त्या काळी कॉव्हेंट्रीत जी काय दहाबारा मराठी घरं होती तिथे ते चालूनही जाई, कारण त्या घरांतल्या बायका तीनदा विचारल्याशिवाय ताट मागे घेत नसत. अडचण एवढीच की बाकीच्या इंग्लंडात एकदाच विचारतात. आठव्या वर्षी इथे आलेले उदयराव आता एकसष्ट वर्षांचे झाले होते. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधीच शिरली होती, पण जिभेपर्यंत काही उतरली नव्हती.

एप्रिलमधल्या एका दुपारी ते एल्डरबी ग्रामर स्कूलच्या हेडटीचर मिसेस पेम्बर्टन यांच्यासमोर बसले होते. ही त्यांची जुनी शाळा, आणि आता राहत्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. बाईंनी आपण होऊन बोलावलं होतं. चहा झाला, हवेबद्दल बोलून झालं, मग बाई मुद्द्यावर आल्या.

"मिस्टर शेजवळ, आमचे मिस्टर टॉड या जुलैत रिटायर होताहेत. शनिवारी सकाळी मुलांचं फाइव्ह्ज तेच बघतात. त्या कोर्टवर तुमच्याइतकी वर्षं कोणीच काढलेली नाहीत. तुम्ही घ्याल का ते काम?"

उदयरावांच्या छातीत धस्स झालं. आनंदाचं धस्स. गेली तीन वर्षं आपल्याला कोणीतरी काहीतरी असं विचारावं म्हणून हा माणूस रोज दाढी करून बसत होता, म्हटलं तरी चालेल.

आणि ते म्हणाले, "Oh no, no. मी कशाला? माझ्याहून चांगला कोणीतरी मिळेल तुम्हाला."

"Of course," मिसेस पेम्बर्टन म्हणाल्या, "I quite understand." त्या उठल्या आणि त्यांनी दार उघडलं.

उदयराव दारात रेंगाळले. भिंतीवर जुन्या हेडमास्तरांच्या तसबिरी होत्या, त्या एकेक करून बघितल्या. हातातली छत्री झटकली. बाहेर लख्ख ऊन होतं. बाईंनी हसून "Do take care" म्हटलं आणि दार लावून घेतलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर ताकवाली स्वतः दारात येऊन ताक घ्या म्हणत होती.

फाइव्ह्ज म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण खुद्द इंग्लंडातही फार लोकांना ते माहीत नसतं. तीन भिंतींचं एक लहानसं कोर्ट, हातात जाड मोजे, आणि बॅटबिट काही न घेता हातानेच कडक बॉल भिंतीवर मारायचा. दोघं या बाजूला, दोघं त्या बाजूला. डावीकडच्या भिंतीतून मध्येच आधाराचा दगडी पुस्ता बाहेर आलेला असतो, कारण फार पूर्वी कुठल्यातरी शाळेतली मुलं प्रार्थनेची घंटा होईपर्यंत चॅपलच्या भिंतीवर बॉल मारत बसायची आणि त्या भिंतीला तसा पुस्ता होता. पुढे कोर्टं मुद्दाम बांधायला लागले तेव्हा तो पुस्ताही मुद्दाम बांधला. जे जसं होतं ते तसंच ठेवायचं, गैरसोयीसकट, ही इंग्रजांची हौस. एल्डरबीत अशी दोन कोर्टं आहेत, चॅपलच्या मागे, शेवाळलेली, पावसात न्हाऊन निघणारी.

त्यातल्या उजवीकडच्या कोर्टवर उदयराव आणि त्यांचे तीन वर्गमित्र दर शनिवारी सकाळी खेळत. केस काळे होते तेव्हापासून खेळत होते. मग त्यातला एक वारला, एक कॉर्नवॉलला समुद्राकाठी राहायला गेला आणि तिसऱ्याला नवा खुबा बसवला, डॉक्टरांनी त्याला जिनासुद्धा जपून चढायला सांगितलं. फाइव्ह्जला चार माणसं लागतात. उदयराव तरीही शनिवारी, टॉडची पोरं खेळून गेल्यावर, जात, गेटवर सही करून गळ्यात व्हिजिटरची पट्टी अडकवत आणि एकटेच भिंतीवर बॉल मारत. भिंत बॉल परत देते, हे खरं. पण घाम पुसताना तिच्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत, आणि उदयरावांना खरी भूक त्या दोन शब्दांची होती.

शाळेशी त्यांचा पहिला दिवसच असा नाही म्हणण्याने सुरू झाला होता. अकराव्या वर्षी ते परीक्षा पास झाले आणि सप्टेंबरात शाळा सुरू होण्याआधीच नव्या मुलांना जूनमध्ये बोलावलं ते ऐन फाउंडर्स डेला. त्या दिवशी चॅपलच्या दारात हेडमास्तर स्वतः उभे राहून प्रत्येक मुलाला एक बेदाणे घातलेला बन देत. शाळा काढणाऱ्याने मृत्युपत्रातच तसं लिहून ठेवलंय म्हणतात. बनचा वास रस्त्यापर्यंत येत होता. पोराच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. हेडमास्तरांनी बन पुढे केला आणि आईचा बाळ म्हणाला, "No, thank you, sir." हेडमास्तरांचा हात तसाच पुढच्या मुलाकडे गेला. उदय तिथेच उभा राहिला, आता परत विचारतील म्हणून, तोवर मागून कोणीतरी ढकललं. घरी गेल्यावर आईने विचारलं, "काय दिलं रे शाळेत?" तर म्हणाला, "काही नाही." ती रात्रभर इंग्रजांना कंजूष म्हणत होती.

असा माणूस या देशात शिकला, सर्व्हेयर झाला, पस्तीस वर्षं कौन्सिलात नोकरी करून मानाने बाहेर पडला, तो कसा? तर सुनीतीमुळे.

सुनीती म्हणजे त्यांची बायको, लग्न होऊन साताऱ्याहून आलेली. पहिल्या वर्षी तिचं इंग्रजी बेतास बात होतं, पण नवऱ्याचं नाही तिला पहिल्या आठवड्यातच कळलं. हे "नको, उगाच त्रास" म्हणाले की ती मागून, "He means yes" म्हणे. एवढं एक वाक्य तिने अगदी घोटून पाठ केलं होतं. शेजाऱ्यांनी बार्बेक्यूला बोलावलं, यांनी नाही म्हटलं, की ती कुंपणावरून सांगे, आम्ही येतोय, काय आणू? प्रमोशनच्या वेळी यांनी साहेबाला "माझ्याहून लायक लोक आहेत" असं सांगितलं, तर ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत तिने त्या साहेबाच्या ताटात दोन करंज्या वाढून तेच वाक्य ऐकवलं. भीड भिकेची बहीण, असं ती नवऱ्याला येता-जाता म्हणायची. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत ती गेली. तेव्हापासून उदयराव जे बोलत तेच लोकांना खरं वाटू लागलं.

शेजारची डेब्रा म्हणाली, काही लागलं तर सांगा. ते म्हणाले, नाही नाही, मी ठीक आहे. तिला ते ठीक वाटले. जुन्या ऑफिसातल्या लोकांनी पबमध्ये बोलावलं. नाही म्हणाले, मग त्यांनी बोलावणं सोडलं. मराठी मंडळात तरी आग्रह होईल म्हणावं, तर मंडळ आता सगळं व्हॉट्सॲपवर विचारतं. गणपतीला येणार की नाही येणार, दोन बटणं. उदयराव "नाही येणार" दाबून फोन हातात धरून बसायचे. आग्रह करणारं बटण अजून निघालेलं नाही. तीन बेडरूमच्या त्या घरात संध्याकाळी रेडिओ लावला की माणसाचा आवाज येई, आणि बंद केला की फ्रीजचा.

एकुलती एक मुलगी तनू, नवरा जय आणि पाच वर्षांची ईशिता यांच्यासह मेडनहेडला राहत होती. दोघंही कॉम्प्युटरमधली. गेल्या वर्षीपासून जयच्या आईही त्यांच्याकडेच असत. दर रविवारी तनूचा व्हिडिओ कॉल येई. "बाबा, बरे आहात ना?" "मजेत." "जेवता ना?" "भरपूर." दोघांचं बोलणं संपे तेव्हा ईशिता मागे कार्टून बघत असे आणि कधीकधी जयच्या आई पडद्यावर वाकून हात हलवत. त्या छान बाई होत्या. उदयरावांना त्या आवडत नसत आणि का ते कळत नसे.

तर मिसेस पेम्बर्टन परत विचारतील, या आशेवर उदयरावांनी एप्रिल काढला. मनातल्या मनात मांडे खाण्यात ते पटाईत होते. मुलांना आधी पाय कसे ठेवायचे ते शिकवायचं, मग हात. पहिल्या तीन शनिवारी नुसतं उजव्या भिंतीचं शिकवायचं. पावसाळी दिवशी चॅपलच्या ओसरीत बसवून खेळाच्या जुन्या गोष्टी सांगायच्या. त्यांनी मोजे काढून धुतले, उन्हात वाळवले. फोन वाजला की दोन वेळा वाजू देत, तिसऱ्याला उचलत. एकदा बँक होती आणि एकदा कोणीतरी छपराला सोलर लावता का विचारत होतं. त्याला मात्र उदयराव नाही म्हणाले तर त्याने आठ दिवसांत पाचदा विचारलं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी ते चॅपलला वळसा घालून कोर्टकडे निघाले आणि त्यांना बॉलचा आवाज आला. टक्, टक्, मध्ये थांबून टक्. चार माणसांच्या खेळाचा आवाज. त्यांचे पाय आपोआप भरभर पडायला लागले. कोर्टवर पोरं होती आणि त्यांच्यात गळ्यात शिट्टी अडकवलेला तिशीचा एक तरतरीत तरुण.

"Hi!" तो म्हणाला. "मी कॅलम. सप्टेंबरपासून फाइव्ह्ज माझ्याकडे येतंय, आत्तापासूनच जरा सवय करून घेतोय. तुम्ही या शाळेचे ओल्ड बॉय दिसता."

"हो," उदयराव म्हणाले. त्यांना आधीचे शब्द ऐकू येऊनही नीट कळले नव्हते. सप्टेंबरपासून. माझ्याकडे.

"मोजे आणलेत की तुम्ही! Fancy a game? पलीकडच्या कोर्टला आम्हाला एक कमीच आहे."

आता बघा. बन परत पुढे आला होता. देवाने इतक्या वेळा संधी द्यायची म्हणजे देवालाही कंटाळा यावा. आणि उदयराव काय म्हणाले? "No, no. You carry on."

"No worries," कॅलम म्हणाला आणि वळला.

घरी येऊन उदयरावांनी मोजे कपाटात टाकले आणि त्यांना भयंकर राग आला. त्या बाईंचा, त्या कॅलमचा, सबंध इंग्लंडचा. एकदा विचारलं की झालं? माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही? पन्नास वर्षं ज्याने या शाळेच्या भिंतीवर हात बडवले त्याला दोनदा विचारायला यांच्या जिभेला काय फोड आले असते? राग रात्रीपर्यंत टिकला, मग ओसरला आणि खाली जे होतं ते दिसलं. आपण कोणाला नको आहोत, असं त्यांना वाटलं. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच त्यांनी टोस्ट खाल्ला आणि बशी धुऊन उपडी घातली. त्यानंतर ते शनिवारी शाळेत गेले नाहीत.

जूनच्या शेवटी फाउंडर्स डे आला. त्या दिवशी शाळा सगळ्यांना खुली असते. उदयरावांनी न जायचं ठरवलं होतं, पण त्या आठवड्यात रविवारच्या कॉलवर त्यांनी "मजेत" म्हटलं ते कसं निघालं कोण जाणे, शनिवारी सकाळी दारात तनू उभी. एकटीच, गाडी चालवत आलेली.

"ईशिता मम्मींकडे आहे," तिने तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मोडक्या मराठीत सांगितलं. मम्मी म्हणजे जयच्या आई. "आज तुमचा फाउंडर्स डे ना? मी कधीच आत बघितली नाहीये तुमचा शाळा. लहानपणी गाडीत बसायची मी, गेटबाहेर. चला, दाखवा."

"अगं, कशाला उगाच. तुला कंटाळा येईल."

तनूचा चेहरा पडला. "ओके," ती म्हणाली. "मग राहू दे."

उदयराव घाबरले. सोफ्यावरून उठताना त्यांचा गुडघा टेबलावर आपटला. "नाही, नाही, चल. जाऊ या. मी बूट घालतो."

आणि मग दोन तास हा माणूस असा काही बोलला की तनूने बापाला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. गेटच्या दगडावर कोरलेलं साल दाखवलं, १५७१. एका लोकरीच्या व्यापाऱ्याने गावातल्या बारा गरीब मुलांना फुकट लॅटिन शिकवायला ही शाळा काढली. फी आजही नाही, पण शाळेभोवतीच्या घरांच्या किमती आणि प्रवेशपरीक्षेच्या क्लासेसची फी बघितली तर तो व्यापारी थडग्यातून उठून आपलं मृत्युपत्र पुन्हा वाचील, असं उदयराव म्हणाले. मग मोठा हॉल. छताला काळ्या पडलेल्या ओकच्या तुळया, बाकांवर दोनशे वर्षांत पोरांनी चाकूने कोरलेली नावं. ती पुसायची नाहीत असा नियम आहे, आणि नवी कोरली तर शिक्षा आहे. भिंतींवर सोनेरी अक्षरांचे फळे. फाइव्ह्जच्या फळ्यावर १९८१ सालासमोर कॅप्टन म्हणून यू. शेजवळ.

"Baba, that's you!" तनूने फळ्याला हात लावला. "तुम्ही कधी सांगितलं नाही."

"कॅप्टन करताना मला विचारलं नव्हतं," उदयराव म्हणाले. "सकाळी नोटीसबोर्डवर नावच लागलं होतं. म्हणून तर झालो."

दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्री जळाली त्या रात्री एक बॉम्ब भरकटून इथल्या व्यायामशाळेवर पडला, त्याच्या जागी आता काचेचा सायन्स ब्लॉक आहे. पोहण्याचा तलाव पूर्वी उघडा होता, मार्चमध्येसुद्धा मास्तर पोरांना त्यात उड्या मारायला लावायचे, उदयरावांचे दात अजून वाजतात. आता त्यावर छप्पर आहे, पाणी कोमट आहे. एका छोट्या घुमटात दुर्बीण आहे, ढगांमुळे तिच्यातून वर्षातून चारपाच वेळाच काही दिसतं. लायब्ररी जिथे आहे तिथे पूर्वी बाहेरगावची मुलं झोपायची. सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांना, आता मुलीही येतात, त्यांच्यासाठी वेगळी कॉमनरूम बांधलीय. तनू सगळं बघत होती, पण जास्त करून ती बापाच्या तोंडाकडे बघत होती.

शेवटी चॅपलच्या मागे आले. उजवीकडच्या कोर्टवर चार मुलं पालकांना खेळ दाखवत होती. कॅलम बाजूला उभा होता, त्याने ओळखीचा हात केला. उदयरावांनीही केला. दोघं बापलेक गवतावरच्या बाकावर बसली.

पुढे उभ्या असलेल्या मुलाने बॉल वर भिंतीवर फेकला. तो उजव्या भिंतीला लागून खाली आला. समोरचा मुलगा नुसता बघत राहिला. परत फेकला. परत त्याने सोडून दिला. तिसऱ्यांदा फेकला, तोही सोडला.

"तो मिस का करतो सारखा?" तनूने विचारलं.

"मिस नाही करत. त्याला आवडला नाही बॉल. फाइव्ह्जमध्ये सर्व्हिस म्हणजे समोरच्याला हवा तसा बॉल द्यायचा. त्याच्या मनासारखा नसला तर तो सोडतो. मग याने परत द्यायचा."

"किती वेळा?"

"कितीही. त्याने घेईपर्यंत."

"आणि राग नाही येत त्याला?"

"राग कसला? खेळच तो आहे." मग उदयरावांना राहवलं नाही. इतके दिवस आत कोंडलेलं बाहेर पडलं. "या सबंध देशात ही एवढीच जागा आहे बघ, तनू, जिथे परत विचारतात. नाहीतर ती पेम्बर्टनबाई! मला म्हणाली, शनिवारचं फाइव्ह्ज तुम्ही घ्या. मी नाही म्हटलं. झालं! परत म्हणून विचारलं नाही. त्या पोराला देऊन मोकळी."

तनूने मान वळवली. "तुम्हाला हवं होतं ते?"

"म्हणजे काय? हवंच होतं. जीव टाकला असता मी."

"मग नो का म्हणालात?"

"अगं, तसं म्हणायचं असतं पहिल्यांदा."

समोर मुलाने चौथा बॉल घेतला आणि असा मारला की तो पुस्त्यावर आपटून कोपऱ्यात मेला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर तनू हळू आवाजात म्हणाली, "मग माझ्याला पण तसंच म्हणाले होते तुम्ही?"

"कधी?"

"आई गेली तेव्हा. मार्चमध्ये. मी विचारली ना तुम्हाला, की आमच्याकडे राहायला या. कायमचं. तुम्ही म्हणाले, नको गं, तुमचं तुमचं चालू दे."

उदयरावांना आठवलं. स्वयंपाकघरात आठवलं, तिच्या हातात चहाचा कप होता, तोही आठवला. ती उद्या विचारील, परवा विचारील, म्हणून त्यांनी किती दिवस वाट बघितली होती तेही आठवलं. शेवटी, पोरीने तोंडदेखलं विचारलं, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली होती.

"खालची रूम," तनू म्हणाली. "ती आम्ही तुमच्यासाठी बांधला होता, बाबा. विचारायच्या आधीच बिल्डरला सांगितलं, कारण जय म्हणाला, ते येणारच. शॉवरला स्टेप नाही ठेवली. आणि बागेच्या साइडच्या भिंतीला विंडो नाही ठेवली. बिल्डर म्हणाला, अंधार होईल. मी म्हटलं, होऊ दे, माझ्या बाबांना तिथे बॉल मारायचा असतो."

उदयरावांनी ती भिंत बघितली होती. दोन ख्रिसमस त्यांनी त्या बागेत उभं राहून चहा घेतला होता आणि ही खिडकी कशी विसरले, असं मनात म्हटलं होतं. जयच्या आईंना तिथे दिवसाही दिवा लावावा लागे.

"मग परत का नाही विचारलंस?" ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना स्वतःचाच राग आला.

"कारण तुम्ही नो म्हणाले! मला शाळेत, युनिमध्ये, ऑफिसात, everywhere, सगळ्यांनी हेच शिकवलं, नो म्हणजे नो. परत परत विचारायचं नाही, it's rude. आणि मी ते मराठीत विचारली होती, बाबा. दोन दिवस प्रॅक्टिस केली होती मी. कारमध्ये बोलून बोलून, एकटी. मला वाटलं, चुकीचं बोलली असेन. मग वाटलं, नाही, त्यांना आम्ही आवडत नाही. मी गाडीत रडली मोटरवेवर. मग जयची मम्मी एकटी पडली, तिला विचारलं. ती हो म्हणाली. लगेच."

तिने बाहीने डोळे पुसले. लहानपणी गेटबाहेर गाडीत बसलेली असताना पुसायची तसेच. "आई असती तर तिने सांगितलं असतं ना मला," ती म्हणाली.

मिसेस पेम्बर्टनवरचा, कॅलमवरचा, इंग्लंडवरचा उदयरावांचा सगळा राग कुठे गेला कळलं नाही. आपण तीन वर्षं एका घरात एकटे राहिलो आणि ऐंशी-नव्वद मैलांवर एक खोली आपल्यासाठी, आपल्या हातांसाठी, अंधारी करून ठेवलेली होती. आणि आपली मुलगी समजत होती की बापाला आपण नको आहोत. तिला ते काय वाटलं असेल, हे त्यांना फार नीट माहीत होतं. मे महिन्यात त्यांना नेमकं तेच वाटलं होतं. त्यांनी तिचा हात धरला. फाइव्ह्जने त्यांचा तळवा दगडासारखा कडक झालेला होता आणि तिच्या हातावर तो त्यांना स्वतःलाच बोचला.

आता ती परत विचारील, असं त्यांच्या मनात आलं. जुनी खोड. ते थांबलेदेखील. समोर मुलांचा खेळ संपला, कॅलमने बॉल गोळा केले, लोक चहाच्या तंबूकडे निघाले. तनू विचारणार नव्हती. विचारणार काय? खोलीत दुसरं माणूस होतं, त्या माणसाला काही ती बाहेर काढणार नव्हती, आणि काढावं असं उदयरावांनाही वाटलं नाही. द्यायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं, म्हणून ती गप्प होती.

"तनू," ते म्हणाले. "मी येऊ का तुझ्याकडे?"

तिने मान वर केली.

"राहायला नाही म्हणत. शुक्रवारी संध्याकाळी ट्रेनने येईन, रविवारी परत जाईन. महिन्यातून एखाद्या वेळी, तुम्हाला जमेल तेव्हा, तुमचं काही…" ते थांबले. हेही सगळं खोटं होतं. "दर आठवड्याला," ते म्हणाले. "मला दर आठवड्याला यायचंय. मला इथे एकट्याला करमत नाही गं."

एवढं बोलून एकसष्ट वर्षांचे उदयराव पोरीसमोर रडले, भर दिवसा, शाळेच्या आवारात, गळ्यात व्हिजिटरची पट्टी घालून.

तनूने त्यांना रडू दिलं. मग नाक ओढून म्हणाली, "रूम नाहीये पण आता, बाबा. हॉलमध्ये सोफा आहे फक्त. जुनावाला. त्याचा स्प्रिंग पाठीला लागते. आणि ईशिता सहाला उठून टीव्ही लावते."

"चालेल," उदयराव म्हणाले. पहिल्याच वेळी म्हणाले.